न झालेली भेट

जयपुरातल्या आम्हा बदलीवाल्या मराठी घरांची एक रीत होती. कोणी गावी निघालं की सगळ्यांची गाठोडी त्याच्याबरोबर द्यायची. येताना त्याने मसाले आणायचे आणि घरच्यांची खबर. त्या हिवाळ्यात प्रताप नगरातली माझी मैत्रीण साताऱ्याला निघाली. माझी आई तिथे भावाकडे आजारी होती. भाऊ फोनवर "ठीक आहे" यापलीकडे काही बोलायचा नाही. मी मैत्रिणीकडे आईसाठी रजई दिली आणि बजावलं, "नीट बघून ये. बरी नसेल तर मी लगेच निघते."

परतल्यावर ती तासभर सांगत होती. आई उन्हात बसली होती, माझी चौकशी करत होती, आग्रहाने सांजा खायला लावला. मी निर्धास्त झाले. मुलांच्या परीक्षा उरकून जाऊ म्हटलं. तीन आठवड्यांत आई गेली. साताऱ्याला गेल्यावर मैत्रिणीचा विषय निघाला, तेव्हा भाऊ म्हणाला, "कोण मैत्रीण? कोणीच आलं नव्हतं."

जयपूरला आल्यावर तडक तिच्याकडे गेले. रजई तिच्याच पलंगावर होती.

"अगं, जमलंच नाही," ती म्हणाली. "पण ऐकून किती खूश झालीस! मग बिघडलं काय?"

"माझी आई गेली."

"मी जाऊन आले असते तरी गेलीच असती ना. चहा टाकू?"

चेहऱ्यावर लाज नव्हती, कावाही नव्हता. तिला मधुमेह होता, तरी घेवर मिठाईचा अख्खा डबा संपवायची. रागावलं की म्हणायची, "पुढचं पुढे." स्वतःच्या उद्याचीच जिला पर्वा नाही, तिला माझ्या आईची कुठून असणार? तिला दोषी धरावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आईची आठवण येते तशी हिचीही येते, याचा रागही येतो. त्या परक्या गावात मला खळखळून हसवणारी तीच एक होती.

आमची बदली होऊन जयपूर सुटल्यावर एकदा तिचा फोन आला. तिने पुष्कळ हसवलं. मी मात्र एकाच शब्दाची वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "आईच्या वेळी तू चुकलीस."

"हो का? बरं, सॉरी हं," ती म्हणाली. "तिकडे थंडी पडली का गं?"




"पडली," मी म्हटलं.