कडू घास

पुण्याची गाडी कर्जतला सोडली तेव्हा माझी दोन निरूपणं तोंडपाठ होती. लढाईमुळे तांदूळ रेशनवर मिळत होता, तरी मदत समितीने कडावपलीकडच्या पूरग्रस्त वाडीला दोन पोती आदल्या दिवशीच पोचवली होती. आता फक्त धीर द्यायचा राहिला होता, आणि तो मी देणार होतो. काय ही ऐट!

बैलगाडी कडावपर्यंतच गेली. पुढची वाट पुराने खाल्लेली. धोतर खोचून भाताच्या बांधांवरून चाललो आणि दोनदा आपटलो. चष्मा चिखलातून काढेपर्यंत देवाला पुरेसे बोल लावून झाले.

वाडीत नऊ घरं. माणसं आंब्याखाली बसली होती. मी लगेच आत्म्याच्या अमरत्वाला हात घातला. साळूबाई नावाच्या म्हातारीने मला मध्येच अडवलं.

"बुवा, पोटात काय नाय, तं कानात काय घालता?"

"तांदूळ आला ना, मावशी?"

"आलाय. पन चूल कोन पेटवंल? समद्या घरांतलं मानूस गेलंय. कडू घास कोनी कोनाला द्यायचा?"

कडू घास (मयताच्या घरी दुसऱ्या घरातून येणारं पहिलं जेवण) पोटात गेल्याशिवाय इथे चूल पेटत नाही. पुराला तिसरा दिवस. पोरांना गूळपोहे दिले होते, मोठी माणसं नुसत्या पाण्यावर. पोत्यांची सुतळीही सुटली नव्हती. साळूबाईच्या शेजारची ठकू तान्ह्या मुलीला छातीशी धरून होती. नवरा पुरात गेला, दूध आटलं, आणि मुलीला आता रडायचंही त्राण नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. तोच चिखल तुडवत कडावला परतलो आणि पहिल्याच घरात शिरलो.

"समद्या घरांत?" तिथल्या काकूंनी कपाळावर हात मारला. "आमाला वाटलं, ज्या घरी कोन गेलं नाय ते घास देतील!" त्या तशाच दारात गेल्या. "चला गं, चुली पेटवा!"

तासाभरात टोपल्या भरल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं. पातेलं मी घेतलं. या खेपेला पडलास तर याद राख, असं स्वतःला बजावत चाललो.

ठकूने तोंड फिरवलं. "त्यांना पान्यानं नेलं, मी कशी गिळू?"

काकू तिला टेकून बसल्या. "नको गिळू. पोरीसाटी चाव."

तिने घास घेतला आणि हंबरडा फोडला. काकूंचा एक हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला, दुसरा पुढचा घास मोडत होता.

मी तिथेच राहिलो. सकाळी जाग आली ती मुलीच्या खणखणीत रडण्याने. निघताना ठकूच्या पडक्या घरातून धूर येत होता. ती गरम भात घेऊन साळूबाईकडे निघाली होती.

"येतो गं, ठकू."

"या, बुवा. भात निवंल," म्हणून ती थांबलीसुद्धा नाही.

पुण्याला परतून निरूपणं मी पुन्हा सुरू केली. पण दुखवट्याच्या घरी आता आधी विचारतो, "घास कोणी आणला?" घर गप्प राहिलं, तर पोथी मिटलेलीच ठेवतो आणि शेजारचं दार ठोठावतो.