दोन गाठींची सुतळी

मेंदीचं कुंपण छाटायच्या दिवशी शिडीच्या घोडीवर चढण्याआधी इंदूबाई ऑफिसात यायची आणि माझ्या टेबलावर तिच्या घराची किल्ली ठेवायची. "मोनाली मॅडम, राहू द्या तुमच्यापाशी." मी यवतमाळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात कारकून. माझ्या टेबलावर आधीच मेसच्या तक्रारी, हरवलेली ओळखपत्रं आणि बेवारशी चार्जर पडलेले असतात. त्यात ही किल्ली. कमरेला खोचायला हिचं काय जातं, असं मला दर वेळी वाटायचं, आणि माझा स्वभाव असा की मनात आलं ते तोंडावर येतंच.

मागच्या मे महिन्यात तर मी ती किल्ली पर्समध्ये टाकून तशीच मावसबहिणीच्या लग्नाला आर्णीला निघून गेले. इंदूबाईने दगडाने कुलूप फोडलं. सोमवारी वर मीच तिला झापलं, "दुसरी किल्ली करून ठेवायला काय होतं?" ती खराटा उचलून कामाला लागली.

इंदूबाई पन्नाशीची, अंगाने अगदी काडी. तिचा नवरा भीमराज आमच्या वसतिगृहाचा माळी होता. सात वर्षांपूर्वी मेंदीचा शेंडा छाटताना त्याची कात्री वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला लागली. तो घोडीवरून फेकला गेला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून काठीशिवाय त्याला उभं राहता येत नाही. त्याच्या जागी इंदूबाई रोजंदारीवर लागली. मेंदी तीच, घोडी तीच, तारही तिथेच. मेंदी दहा फुटांखाली आणता येत नाही, कारण पलीकडे रस्ता आणि पानटपऱ्या आहेत. पोरींना कपडे वाळत घालायलासुद्धा आडोसा लागतो.

घोडीवर चढली की इंदूबाई आधी एका हाताने घोडीच घट्ट धरून ठेवी. मी खालून ओरडायचे, "हात चालवा इंदूबाई, मुहूर्त बघताय काय!"

यंदा दिवाळीनंतर प्राचार्यांनी छाटणीचं मशीन घ्यायचं फर्मान काढलं. "इंदूबाईंना जमत नसेल तर सांगा, बाहेरची पार्टी लावू." बाहेरची पार्टी म्हणजे इंदूबाई घरी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मशीन निवडायला मी तिला स्कूटीवर बसवून बाजारात नेलं. वाटभर तिने माझा खांदा सोडला नाही.

"स्कूटीला इतक्या भिता, मग मशीन कसं चालवाल?"

"मले सगळ्याचंच भेव लागते, मॅडम. पर काम गेलं तं, याचं जास्त लागते."

दुकानदार पियुष बोलण्यात पटाईत. त्याने आधी वायरवर चालणारं मशीन दाखवलं, हलकं आणि स्वस्त. इंदूबाई म्हणाली, "पानात आपलीच वायर कापली गेली तं?" मग त्याने पेट्रोलचं सुरू केलं. काउंटरवरचे नटबोल्ट नाचायला लागले आणि इंदूबाई थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शेवटी निघालं बॅटरीचं, लांब दांड्याचं. जमिनीवर उभं राहून वरचा शेंडा छाटायचा. घोडीच नको! मी खूश झाले.

त्यात दोन प्रकार होते, एक आखूड आणि एक दांडा सरकवून लांब होणारा. "लांबच न्या मॅडम," पियुष म्हणाला, "आखूड नेऊन पस्तावाल." मलाही पटलं. मी म्हटलं, बांधा.

"थांबा जरासक," म्हणत इंदूबाईने पिशवीतून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. "हे खालची गाठ म्हंजे मेंदीचा शेंडा. हे वरची म्हंजे तार. गॅलरीतून, तार भिंतीले लागते तिथून सुतळी खाली सोडून मापली. मधात तार लोंबते, म्हून दोन हात कमी धरली."

पियुषने दुकानाबाहेर भिंतीला शिडी लावली आणि वर चढून सुतळी जमिनीपर्यंत सोडून धरली. इंदूबाईने लांब दांड्याचं मशीन हात पुरतील तेवढं वर केलं. पातं दुसऱ्या गाठीच्याही वर गेलं.

"दांडा कायचा हाय?"

"अॅल्युमिनियमचा," पियुष म्हणाला, आणि त्याचं हसू गेलं. त्याने माहितीपुस्तिका उघडली. त्यात एक माणूस, त्याच्या हातात दांडा आणि वर विजेची नागमोडी रेघ असं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, तारेजवळ वापरू नये. बांधा म्हणणारी मीच होते.

आखूड दांडा पहिल्या गाठीच्या थोडा वर गेला आणि दुसरीच्या बराच खाली राहिला. "हेच द्या," इंदूबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "हात सुटला तं बंद होते काय?" पियुषने हात सोडला, पातं थांबलं. तिने ते त्याला पाच वेळा करून दाखवायला लावलं. या वेळी मी घाई केली नाही.

आखूड असलं तरी तार ती तारच, म्हणून वीजवाल्यांकडे अर्ज देऊन छाटणीच्या दिवशी मी लाइन बंद करून घेतली. तरी सकाळी इंदूबाई आली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"आता कशाला? घोडी नाही, लाइनही बंद आहे."

"त्यायलेबी लाइन बंद हाय म्हूनच सांगतलं होतं."

म्हणजे भीमराजला, त्या अपघाताच्या दिवशी. ती पुढे म्हणाली, "ते घरात एकटे राह्यते. उठून बाहेर निंगाले का पडते, म्हून कुलूप लावा लागते. मले काही झालं तं त्यायले कोण उघडन? तुमच्यापाशी किल्ली राह्यली, तं तुमी जाऊन उघडसान."

आर्णीचं लग्न माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तिकडे जेवणाच्या पंगतीत होते. इकडे मेच्या उन्हात टिनाच्या घरात भीमराज आत आणि ही बाहेर दगड शोधत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी किल्ली घेऊन तिच्याबरोबर बाहेर गेले. मशीन सुरू झालं, पानं उडायला लागली. तारेखाली आल्यावर तिने हात सोडला, मशीन थांबलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "तेवढं राहू द्या," मी म्हटलं.

"तेवढंच राह्यलं तं पार्टी येईन, मॅडम."

तिने पुन्हा दांडा उचलला. मी तारेकडे आणि पात्याकडे आळीपाळीने बघत होते. खालून ओरडायला सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. काम संपल्यावर इंदूबाई मातीतच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

दुपारी मी तिच्या किल्लीची दुसरी किल्ली करून घेतली. ती माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. छाटणीच्या दिवशी घरी गेल्यावर इंदूबाई फोन करते आणि "पोचली मॅडम" एवढंच म्हणते. तो फोन येईपर्यंत मी जुडगा हातातून खाली ठेवत नाही.