पहिल्या फेरीची रेघ

समितीचा दावा असा आहे : "देवटेक वसाहतीहून पहाटे सुटणाऱ्या पहिल्या फेरीस प्रवासी नाहीत, हे प्रा. विश्राम नेरूरकर यांच्या सर्वेक्षणाने शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे. सबब सदर फेरी पुन्हा सुरू करण्याची मागणी फेटाळण्यात यावी."

डॉ. हेमांगी बोरवणकर हे वाक्य सातव्यांदा वाचतात. परिवहन कार्यालयाची अभिलेख खोली, दुपारचे तीन, वैशाखाचा उकाडा. सर्वेक्षण एकतीस वर्षांपूर्वीचे. त्याच्या आधारे फेरी बंद झाली तीही एकतीस वर्षांपूर्वी. आता समिती वर असेही नोंदवते, की मधल्या काळात या फेरीला प्रवासी असल्याचे आढळले नाही. जी बस सुटतच नाही तिच्यात कोणी बसलेले आढळत नाही, या शोधासाठी पाच सदस्य, चार बैठका आणि एक क्षेत्रभेट खर्ची पडली आहे. दार विटांनी बुजवावे आणि मग त्यातून कोणी ये-जा करत नाही, सबब इथे दाराची गरजच नव्हती असा निष्कर्ष काढावा, तसे हे तर्कशास्त्र.

समितीची थट्टा सोपी आहे. अवघड आहे ते त्या वाक्यातले नाव. नेरूरकर सर हेमांगीबाईंचे गुरू. वाहतुकीच्या अर्थशास्त्रात त्यांच्या नावाचा एक वक्र आहे : दिवसाच्या दोन्ही टोकांना प्रवासाची मागणी शून्यावर येते, असे सांगणारा. हेमांगीबाईंचा प्रबंध त्याच वक्रावर उभा आहे, प्रबंधावर नोकरी, नोकरीवर अध्यासन. सरांना जाऊन दोन वर्षे झाली. विभागात त्यांच्या तसबिरीला दर सोमवारी नवा हार असतो.

आणि त्या सर्वेक्षणात देवटेकच्या थांब्यावर उभी राहून डोकी मोजणारी एम. ए.ची विद्यार्थिनी स्वतः हेमांगीबाई होत्या.

पहिली फेरी पहाटे चार पन्नासची. ती मुक्कामी गाडी; रात्री घाट चढून वर देवटेकला थांबायची आणि पहाटे खाली यायची. हेमांगी राहायची खाली शहरात; एकट्या मुलीची वर मुक्कामाची सोय नव्हती. शहरातून वर जाणारे पहिले वाहन साडेसहाला पोहोचायचे. म्हणजे पहिली गाडी मोजायला जायचे, तर तिच्याआधीची एक गाडी हवी होती, आणि तशी गाडी नसते म्हणूनच तिला पहिली म्हणतात. दहा दिवस हेमांगीने तक्त्यातल्या पहिल्या रकान्यात आडवी रेघ मारली. रेघेचा अर्थ साधा : मोजले नाही.

समोरच्या मूळ तक्त्यात आज त्या प्रत्येक रेघेवर शाईचे गोल, टपोरे शून्य बसलेले आहे.

आपण रेघ मारली होती हे त्यांना आठवते. पण आठवण हा पुरावा नव्हे, हे त्यांनीच पंचवीस वर्षे मुलांना शिकवले. उद्या अकराला सुनावणी आहे; देवटेककरांच्या बाजूने त्या बोलणार आहेत. कागदपत्रे पाहायची मुदत आज पाचपर्यंत. त्यांनी तक्ता उलटून पाहिला होता. मागे करड्या, पुसट ओरखड्यांखेरीज काही नाही. तेवढ्यात वीज जाते. दफ्तर सांभाळणारे तायडे चहा ठेवून, "आता येईल पाच मिनिटांत," असे म्हणत बाहेर पडतात. घाम कपाळावरून गालावर उतरतो. हेमांगीबाई उलट्या तक्त्यावर डोके टेकवतात, क्षणभरच.

पंखा थांबला आहे, पण त्याचा आवाज थांबत नाही. तो इंजिनाचा आवाज आहे.

हेमांगीबाई बसच्या मागच्या बाकावर आहेत. खिडक्यांबाहेर काळोख, सगळे बाक रिकामे. तरी सर मधल्या वाटेत वरचा दांडा धरून उभे आहेत. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीच कॉपिंग पेन्सिल, कोरडी असताना करडी आणि ओल लागली की जांभळी उमटणारी. ती जिभेला लावून लिहायच्या सवयीने खालचा ओठ नेहमीसारखा जांभळा.

"उशीर झाला तुला," सर म्हणतात.

"गाडी नव्हती, सर."

"तेव्हाही हेच सांगितलंस."

"तेव्हाही नव्हती. बसा ना."

"कुठे बसू? जागा दाखव."

हेमांगीबाई बघतात. बाक रिकामे नाहीत. प्रत्येकावर तीन-तीन बायका दाटीने बसल्या आहेत, मांडीवर खराटे, पायाशी भाजीच्या पाट्या. पुढच्या बाकावर सोनूबाई आहेत. गेल्याच आठवड्यात त्यांनी देवटेकला बाईंना चहा पाजला होता आणि शहरातले रस्ते झाडायला आपण तीस वर्षे घाट कसा पायी उतरतो ते सांगितले होते.

"ह्येच का तुमचे मास्तर?" सोनूबाई विचारतात. "मोजा म्हणावं की आम्हाला. बसलोय अजून."

सर त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघतात. पलीकडे फळा आहे. बस आता विद्यापीठातले मौखिकीचे दालन आहे. बायका परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि खराटे टेबलावर ओळीने ठेवले आहेत. सर खडूने आपला वक्र काढतात. देखणा आहे तो, अजूनही.

"बघ," ते म्हणतात, "दोन्ही टोकं कशी जमिनीला टेकतात. तुझी रेघ इथे कुठे ठेवू? रेघ वक्रात बसत नाही, हेमांगी. शून्य बसतं."

"म्हणून तुम्ही ते बसवलंत."

"टोकाच्या फेऱ्या गं त्या. काठाला असा काय फरक पडतो?"

"काठावर राहणाऱ्यांना पडतो."

"वा. हे वाक्य कुठल्या परिसंवादात वापरलंस?"

"कुठल्याच नाही. तिथे मी तुमचा वक्र वापरत होते."

सोनूबाई हसतात. "आम्ही चालत जातो, तर ह्ये म्हणतात आम्हाला जायचंच नाही. उद्या म्हणतील, ह्यांना पाय हायेत, मग रस्ता तरी कशाला."

सर खडू खाली ठेवतात. दालनाला आता छत नाही, घाटाचे वळण आहे. बायका एकामागून एक उतरत आहेत आणि सरांच्या चपला कुठेतरी राहिल्या आहेत.

"तुझा प्रबंध त्याच शून्यावर उभा आहे," ते हळू म्हणतात. "तो पाडशील?"

"पाडते."

"पदवी?"

"काढून घेऊ देत. तीस वर्षं मीही ते शून्य तपासलं नाही, हे उद्या पहिल्याच वाक्यात सांगणार आहे. दुसरं वाक्य तुमचं आहे."

"मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. सही कुठून आणशील?"

"तुमच्याकडून. मेलात म्हणून सूट नाही, सर. हार घालायला सोमवार आहे. आज गुरुवार."

सर हसतात, जुने, वर्गातले हसू, चांगले उत्तर आले की फुटणारे. मग खिशातली पेन्सिल काढून जिभेला लावतात. ओठ जांभळा होत नाही. पुन्हा लावतात.

"कोरडी पडली आहे," ते ओशाळून म्हणतात. "इकडे ओल राहत नाही गं. लिहून ठेवलंय मी, केव्हाच. ओल तेवढी तुझी लाव."

"कुठे लिहिलंय?"

"जिथे कोणी बघत नाही तिथे. भित्रा माणूस आणखी कुठे लिहिणार?"

इंजिन थांबते. पंखा फिरतो आहे.

"मॅडम, चहा गार झाला," तायडे सांगत आहेत. "आणि गालाला काय लागलंय? जांभळं खाल्ल्यासारखं."

हेमांगीबाई गालावरून बोट फिरवतात. बोट जांभळे होते. त्या खाली बघतात. तक्त्याच्या पाठीवर, जिथे त्यांचा घामेजला गाल टेकला होता तिथे, मघाचे करडे ओरखडे ओल पिऊन गर्द जांभळे झाले आहेत. बारीक, उजवीकडे कललेले अक्षर. या अक्षरात त्यांच्या प्रबंधाच्या समासात सहाशे सूचना आहेत.

"तायडे, या तक्त्याची साक्षांकित प्रत हवी. पाचच्या आत. दोन्ही बाजूंची."

"मागची बाजू कोणी मागत नाही, मॅडम."

"माहीत आहे."

तायडे मान खाजवतात, नोंदवही पुढे ओढतात. "मग मागे काय लिहिलंय ते वहीत घालावं लागेल, शब्द न् शब्द. नाहीतर साहेब सही करणार नाहीत. सांगा."

हेमांगीबाई गाल पुसत नाहीत. कागद उजेडाकडे धरतात आणि परीक्षेत उतारा सांगावा तशा संथ, स्पष्ट आवाजात सांगू लागतात :

"पहिली फेरी मोजलेली नाही. मुलीने रेघ मारली होती. ती बरोबर होती. शून्य मी केले. गाडी रिकामी नसते हे मला ठाऊक होते. एकदा वर मुक्काम करून मी त्याच गाडीने खाली आलो. बसायला जागा मिळाली नाही. शहरापर्यंत उभा राहून आलो. वि. नेरूरकर."