अम्मांसाठी निवडलेला किनारा

आधीच माफी मागतो. ज्या किनाऱ्याबद्दल लिहितोय तो मी पाहिलेला नाही. अ‍ॅड्रियाटिक समुद्र मला फक्त मोबाइलच्या पडद्यावर माहीत आहे, आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर कॉलेजच्या असाइनमेंटपुरतीच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कळते असं म्हणायचा मला अजून धीर होत नाही. एकदा म्हटलं होतं, त्याचीच ही हकीकत.

अब्बांचं ओमानमध्ये, मस्कतच्या हमरिया भागात शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशीन, एक कापायचं टेबल, मागे आमची राहायची खोली. रुस्ताकहून एक वृद्ध ओमानी बाई दर ईदच्या आधी कपडे शिवायला येतात, अगदी मी जन्मायच्या आधीपासून. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, त्या अब्बांना मास्टर म्हणतात. हिंदी त्या आमच्यासारख्या दुकानदारांकडूनच शिकल्या.

या उन्हाळ्यात त्या ईद नसताना आल्या. नात गाडीत फोनवर बोलत बसली होती. अम्मा काठी टेकत एकट्याच आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, घरच्यांबरोबर परदेशी चाललेय, तिथे समुद्रात जायला झगा शिवायचाय. काळा, बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा.

"अम्मा, समुद्र तो इधर ही है," अब्बा म्हणाले. "इतना दूर क्यों?"

"इधर सब पहचानते हैं, मास्टर. बुढ़िया पानी में गई, पूरा रुस्ताक बोलेगा. उधर कौन पहचानता है?"

त्यांचं माहेर बातिनाच्या किनाऱ्यावरचं, मासेमारांचं. लग्न झालं आणि त्या डोंगरांमध्ये रुस्ताकला आल्या. त्यानंतर समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून. आता दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, आणि घरची मंडळी सुट्टीला अ‍ॅड्रियाटिकच्या काठी, क्रोएशियातल्या एका गावी निघाली होती. गाव नातवंडांनी निवडलं होतं, जुना किल्ला आणि दगडी गल्ल्या बघायला. किनारा कुठलाही चालेल, सगळे सारखेच, असं त्यांनी अम्मांना सांगितलं होतं.

"सब एक जैसा कैसे होगा?" अम्मांनी माझ्याकडे बघितलं. "मास्टर, तेरा लड़का कॉलेज में है ना? वो देखेगा."

अब्बांचा चेहरा असा फुलला की मला नाही म्हणता आलं नाही.

मी दोन दिवस मन लावून शोधलं. त्या गावाला तीन किनारे होते. एक किल्ल्याच्या भिंतीखाली, पण तिथे गर्दी. अम्मांना लाज वाटली असती. दुसरा म्हणजे नुसता सिमेंटचा कट्टा. फोटो बघून अब्बा हसले. "ह्याला काय किनारा म्हणतात? ही तर बंदरावरची जेटी!" तिसरा गावापासून थोडा लांब, पाइनच्या झाडांखाली. सावली, शांतता, निळं पाणी आणि कडेला पांढराशुभ्र पट्टा. मी तोच निवडला. नातीनं त्याच्या जवळचंच हॉटेल घेतलं.

माप द्यायला अम्मा पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना फोटो दाखवला. त्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "रेत?"

"हाँ अम्मा, रेत."

आमच्या रत्नागिरीकडच्या गावाला समुद्र आहे, इथेही समुद्र आहे. दोन्हीकडे पाण्याच्या कडेला वाळूच असते. फोटो मोठा करून बघावा असं माझ्या मनातही आलं नाही.

अब्बांनी अम्मांना चपला काढायला लावल्या आणि जमिनीवर बसून अनवाणी पायांवरच झग्याच्या लांबीचं माप घेतलं. समुद्रात चपला कोण घालतं? पाण्यात कापड तरंगून वर येतं आणि पाय उघडे पडतात, म्हणून झगा दोन बोटं जास्तच लांब ठेवला. घेराच्या दुमडीत पडद्यांना घालतात ती शिशाची बारीक साखळी शिवली. अम्मांनी झगा हातात तोलून बघितला. "भारी है," म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

त्या क्रोएशियाला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत मी पुन्हा ते फोटो उघडले. अम्मा आता इथे असतील, एवढंच बघायचं होतं. या वेळी फोटो मोठा केला. पांढरा पट्टा वाळूचा नव्हता. गोटे होते, मुठीएवढे. खाली लोकांनी लिहिलं होतं, रबरी बूट घाला, दगड निसरडे आहेत. मग सिमेंटच्या कट्ट्याबद्दल वाचलं. त्याला पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडा होता, आणि गावातली म्हातारी माणसं रोज सकाळी तिथेच पोहायला येत.

मापांसाठी नातीचा नंबर आमच्याकडे होता. मी लगेच मेसेज केला, तिकडे नेऊ नका, कट्ट्यावर न्या. एकच टिक आली. फोन केला, लागला नाही.

दुकानात येऊन अब्बांना सांगितलं. त्यांची कात्री थांबली.

"गोटे? केवढे?"

मी मूठ दाखवली.

"मेल्या, कोकणातला ना तू? वाळू नि गोटे कळत नाहीत तुला?" मग त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. नंतर हळू आवाजात म्हणाले, "त्यात ती साखळी. दगडात अडकणार. आणि दोन बोटं लांब मीच ठेवला."

हॉटेलचा नंबर शोधायचा, तर नातीनं नक्की कुठलं हॉटेल घेतलं ते मी विचारलंच नव्हतं. रोज दुपारी मी कॉलेजातून आलो की अब्बा मशीनवरून मान वर न करता विचारायचे, "टिक?"

"एकच."

मला सारख्या अम्मांच्या घोट्यांजवळ कापडाला लावलेल्या टाचण्या आठवायच्या. अब्बा माप धरून टाचण्या लावत होते आणि त्या जराही हलत नव्हत्या.

नवव्या दिवशी दुसरी टिक आली. नातीचा व्हॉइस मेसेज होता, इंग्रजीत. तिकडे दुसरं सिम घेतलं होतं, हा नंबर आज मस्कतला उतरल्यावर सुरू केला, म्हणाली. मी ऐकत गेलो आणि अब्बांना मराठीत सांगत गेलो. पहिल्या दिवशी घरच्या दोघांनी अम्मांना धरून नेलं. तीन पावलांत झग्याचा काठ दगडांत अडकला आणि त्या खाली बसल्या. लागलं नाही, पण घाबरल्या. कट्टा त्यांना कुणी दाखवलाच नाही. बाकीचे सगळे दिवस तोच झगा घालून त्या झाडाखाली खुर्चीत बसायच्या. शेवटच्या संध्याकाळी अम्मांच्या मुलानं हॉटेलमधून बादली मागून घेतली, समुद्राचं पाणी भरून आणलं, आणि त्यांनी त्यात पाय ठेवले.

मेसेज संपत आला होता. नात हसत म्हणाली, आजीला आम्ही कितीदा सांगितलं, ती ऐकतच नाही. ती सगळ्यांना सांगतेय की वाळू थोडी पुढे होती, तुम्हीच मला चुकीच्या जागी थांबवलंत. म्हणते, मास्टरच्या मुलानं वाळू स्वतः बघितली होती.