किल्लीची हजेरी

शाळेत त्यांना सगळे ‘पानबाई’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे. पान म्हणजे झाडाचं नव्हे, पुस्तकाचं. वर्गात कुणीही कितीही झकास उत्तर देवो, बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, “कुठल्या पानावर?” त्यावर भल्याभल्यांची बोबडी वळायची.

ही खोड त्यांना वडिलांकडून लागली होती. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि घरीही, लेक काही ठासून सांगायला लागली की चष्म्यावरून बघत म्हणायचे, “कुठे छापलंय, दाखव.” तरीही शाळेत असताना बाईंनी गाईड घोकूनच भाषेत पहिला नंबर काढला होता. पुढे कॉलेजात एका प्राध्यापकांनी त्यांना सहज विचारलं, “ज्या कादंबरीत तुला सर्वाधिक गुण मिळाले, तिच्या नायिकेला भाऊ होता की बहीण?” बाईंना सांगता येईना. तो दिवस त्यांच्या जिवाला लागला. घरी जाऊन त्यांनी ती कादंबरी पहिल्यांदा वाचली.

भाषा शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, त्या वर्षी नववीला नवी कादंबरी नेमली गेली. तेरा वर्षांची मुलगी, दिवसभर कामावर जाणारी आई, आणि मुलीच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली घराची किल्ली. कादंबरी बाजारात यायच्या आधीच जणू गाईड आलं होतं. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, “प्रतीक म्हणजे काय?” तर अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, “किल्ली म्हणजे स्वातंत्र्य, जिना म्हणजे प्रगती, खिडकी म्हणजे आशा!”

“वा! म्हणजे पुस्तक न उघडताच सगळं संपलं,” बाई म्हणाल्या. “मग आता वर्षभर काय करायचं, गोट्या खेळायच्या?”

वर्ग हसला. बाईंनी मात्र फळ्यावर तीन रकाने आखले. पान कितवं, वस्तू कुणाच्या हातात, तेव्हा काय चाललंय. “मी रोज तुमची हजेरी घेते ना? आता तुम्ही वस्तूंची घ्या. प्रत्येकानं एक वस्तू निवडायची. ती जिथे जिथे येईल तिथे नोंद करायची. अर्थबिर्थ नंतर बघू.”

पोरांना आधी हा वेडेपणा वाटला. बाईंची सख्खी भाची त्याच वर्गात होती. ती तर बाईंच्या घरी येऊन कुरकुरली, “मावशी, एवढं पानं मोजून काय मिळणार?”

“शाळेच्या कामाबद्दल बोलायचंय ना? मग बाई म्हण,” मावशी म्हणाली.

पंधरा दिवसांनी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. ती इतक्या खालच्या आवाजात बोलायची की तिला सगळे ‘पुटपुटी’च म्हणायचे. “बाई, किल्ली नऊ वेळा येते,” ती म्हणाली. “त्यातल्या आठ वेळा घरी कुणी नसतं. बहुतेकदा ती मुलगी दार उघडते आणि आधी दिवा लावते. नवव्या वेळी, शेवटच्या प्रकरणात, आई घरी असते. तेव्हा किल्ली गळ्यात असूनही ती दार वाजवते.”

“का गं?”

“कुणीतरी आतून दार उघडावं म्हणून. मला वाटतं, किल्ली म्हणजे... घरी वाट बघणारं कुणी नसणं.”

मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, गाईडवाल्यानं शेवटचं प्रकरण वाचलंच नाही वाटतं!” हशा पिकला. बाईही हसल्या, पण तोंड फळ्याकडे वळवून, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

सहामाहीला नेमका ‘किल्ली कशाचं प्रतीक?’ हाच प्रश्न आला. पेपर तपासले पर्यवेक्षक सरांनी. उत्तरसूचीत होतं ‘स्वातंत्र्य’. अकरा मुलांनी ‘एकटेपणा’ लिहिला होता, त्या अकराही जणांना भोपळा मिळाला.

बाई अकरा पेपर आणि कादंबरी घेऊन तडक सरांच्या खोलीत गेल्या. सर मनानं सरळ होते, पण शिस्तीला पक्के. “बाई, सूचीच्या बाहेर मी कसा जाऊ?”

“जाऊ नका. फक्त हिचं ऐकून घ्या,” असं म्हणून बाईंनी पुटपुटीला आत बोलावलं.

मुलीनं वही उघडली आणि नऊच्या नऊ नोंदी वाचल्या. सर कादंबरीत एकेक पान पडताळत गेले. मध्येच थांबले. “आणि एकसष्टाव्या पानावर? किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत ती दुपारभर भटकते. हसतेय. ‘आज कुणाला विचारायचं नाही,’ असं म्हणते. हे स्वातंत्र्य नाही?”

मुलीनं वहीत पाहिलं. बाईंचा जीव टांगणीला लागला. मदतीला धावावंसं वाटत होतं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“नोंद आहे सर,” मुलगी म्हणाली, “पण घर रिकामं एवढंच मी लिहिलं. ती हसतेय, हे लिहायचं राहिलं. चुकलं माझं.” मग ती पुढे म्हणाली, “म्हणजे दोन्ही असेल. आधी तिला मोकळं वाटतं. मग रोजरोज तेच झाल्यावर एकटं वाटायला लागतं. किल्ली तीच आहे सर, ती मुलगी बदलली.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे सूचीत असायला हवं होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी लाल पेन उघडलं. “द्या ते अकरा पेपर.”

“नऊ,” बाई म्हणाल्या. “दोघांनी नुसतंच ‘एकटेपणा’ लिहिलंय, आधार काहीच दिला नाही. त्यांचं शून्य राहू द्या.”

त्या दोघांत एक भाची होती. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, स्वतःच्या भाचीला तरी सांभाळून घ्यायचंस!”

“सांभाळतेच आहे की,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून तिला कादंबरी घेऊन माझ्याकडे पाठव.” भाची आठवडाभर गाल फुगवून आली, पण आली.

पुढच्या महिन्यात सरांनी ही पद्धत नववीच्या तिन्ही तुकड्यांत सुरू करायची ठरवली आणि पहिला तास पुटपुटीनं घ्यावा असं सुचवलं. परक्या तुकडीसमोर मुलगी फळ्याशी उभी राहिली. पहिली दोन वाक्यं तिनं पुटपुटतच म्हटली. मग एका मुलानं आडवा प्रश्न टाकला आणि त्याला उत्तर देता देता तिचा आवाज थेट व्हरांड्यापर्यंत गेला.

“दोऱ्याचं काय?” ती त्याला विचारत होती. “किल्ली सगळ्यांना दिसते. पण तो दोरा आईनं आपल्या जुन्या साडीतून काढलाय, पान बारा. म्हणजे आई घरी नसली तरी मुलीच्या गळ्यात आहेच ना?”

बाई शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. बारावं पान त्यांनी निदान दहा वेळा वाचलं होतं, पण दोऱ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. त्यांची मान ताठ झाली. शेजारी बसलेल्या सरांकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “माझी विद्यार्थिनी आहे.” मग पेन्सिल काढून त्यांनी आपल्या प्रतीच्या समासात मुलीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.