दारात उभी

पायांवरच्या शिरा मी वीस वर्षं साडीखाली झाकल्या. फुगलेल्या, निळ्या-हिरव्या, पिळलेल्या सुतळीसारख्या. फळ्यावर मात्र मी त्याच शिरा रंगीत खडूने झोकात काढायची आणि मुलांना बजावायची, की चाललं म्हणजे पोटरी दाबली जाते आणि रक्त वर चढतं, एका जागी उभं राहिलं की शिरेतल्या झडपा थकतात. हे सांगताना मी स्वतः रोज आठ-आठ तास एका जागी उभी असायची. पुढच्या बाकावरच्या एकाही हुशार पोराच्या ते लक्षात आलं नाही.

उभं राहून शिकवायची ही सवय भूकंपाने लावली. त्या वर्षी लातुरात कुणी स्लॅबखाली बसायला तयार नव्हतं. आमचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, तरी रस्त्यावरून ट्रक गेला की पोरं वह्या टाकून बाहेर पळायची. शेवटी एक दिवस मी खुर्ची बाहेर काढली, फळा दारापाशी आणला आणि म्हटलं, "मी दारात उभी आहे. हललं तर आधी मी सांगेन. तुम्ही निवांत बसा." पोरं बसली. पुढे शेडच्या जागी तीन मजली इमारत झाली, लांबलांबून मुलं शिकायला येऊ लागली, भूकंप न पाहिलेल्या बॅचेस आल्या. खुर्ची काही आत आली नाही. मलाच बसून शिकवता येईना.

घोट्याजवळची कातडी काळी पडली, खाजवली की पाणी सुटायला लागलं, तेव्हा कुठे मी डॉक्टरकडे जायचं ठरवलं. लातुरात नाही. तिथे डॉक्टरांच्या दर चार पाट्यांमागे एक माझ्या विद्यार्थ्याची. त्यांनी माझे पाय बघावेत हे मला सोसवलं नसतं, आणि मी एकटी आलेय हे तर नाहीच. म्हणून नांदेड गाठलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. म्हणाले, आता कापाकापी नाही. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, त्यातून लेझरची तार आत, खराब शीर आतून बंद. भूल फक्त पायापुरती, संध्याकाळी घरी. "फक्त सोबत कुणीतरी आणा," ते म्हणाले.

एवढंच जमणारं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झालेली. भाऊ पुण्याला, दिवाळीला फोन करतो. लग्न का राहिलं, हे आता मलाही नीट आठवत नाही. ठरल्या दिवशी काउंटरवर विचारलं तेव्हा मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "भाऊ आहे ना. गाडी लावून येतोय." खोटी हजेरी लावणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढायची.

टेबलावर पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं. पायात सुया टोचल्या, मांडी बधिर झाली. मी मनात आकृती काढून वेळ घालवत होते. तेवढ्यात अंगाखालचं टेबल हललं आणि डोक्याकडून खाली जाऊ लागलं.

"हललं! पळा बाहेर!" मी ओरडले. उठायलाच निघाले होते.

डॉक्टर गडबडले. शीर रिकामी व्हावी म्हणून टेबल कलतं करतात, असं समजावू लागले. मला कळत होतं, पण टेबलाची कड मी सोडेना. तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली आया पुढे आली. माझ्याच वयाची असेल.

"कुठल्या म्हनायच्या, मॅडम?"

"लातूर."

"मंग बरोबर हाय. म्या औशाकडची. आमाला आजून पंखा हालला तरीबी भ्या वाटतंय." मग खाली वाकून हळूच म्हणाली, "भाईर बगितलं म्या. भाऊ न्हाई आला ना?"

मी मान हलवली. डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर.

"काय करू म्या तुमच्यासाटी?"

"दारात उभी राहा," मी म्हटलं. "हललं तर सांग."

हसली नाही ती. दाराशी गेली, एक फळी उघडी धरली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. "हाय म्या हितं. पडा निवांत." मला रडू फुटलं. दुखतंय का, म्हणून डॉक्टर विचारत राहिले. इतकी वर्षं मी कुणाकुणासाठी दारात उभी होते. माझ्यासाठी कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

नंतर पायात घट्ट मोजा चढवला आणि अर्धा तास चालायला सांगितलं. मी व्हरांड्यात एकटीच येरझाऱ्या घातल्या. आयाची ड्युटी संपली होती, ती कधी गेली ते कळलं नाही. लातूरच्या गाडीत पाय अवघडला, म्हणून अहमदपूरला उतरून स्टँडवर दोन फेऱ्या मारल्या.

दवाखान्यातून निघताना काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला होता. सोबतच्या व्यक्तीचं नाव अजून कोरंच होतं. मी पेन उघडलं. सोबत कोण होतं, हे या वेळी मला खरं लिहिता आलं असतं. पण तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.