मोडायची ढाल

स्वीडनमधल्या उद्देवाल्लाच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली सव्वीस वर्षं आमच्या शाळेची देखभाल एका बॅरनकडे होती. फोल्के वासेनयेल्म त्याचं नाव. बाकं दुरुस्त करणं, बॉयलर पेटवणं, पायऱ्यांवरचा बर्फ ओढणं ही त्याची कामं. नवा शिक्षक आला की कोणीतरी त्याच्या कानात हे सांगायचं, आणि मग नळ गळायला लागला तरी तो बिचारा फोल्केला बोलवायला चाचरायचा. फोल्के पाना घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बॅरन असलो तरी वायसर तोच लागतो."

त्याच्या खापरपणजोबांनी हेरिंग माशांच्या धंद्यावर पेढी उभी केली होती. राजाला लढाईसाठी त्यांनी पैसे दिले. पैसे काही परत आले नाहीत, त्याऐवजी १८१६ साली किताब आला आणि एक किल्ली व तीन हेरिंग अशी चित्रं असलेली ढाल आली. किताब एका वेळी एकाच पुरुषाचा, घरातल्या थोरल्याचा. बाकीची भावंडं साधी माणसं. पुढे आजोबांच्या हातून पेढी बुडाली. एका सोमवारी दाराला कुलूप दिसलं आणि आजोबा डेन्मार्कला गेल्याचं गावाला कळलं. किताब मात्र बुडाला नाही. निपुत्रिक चुलत्याकडून तो फोल्केकडे आला, तेव्हा फोल्के शाळेच्या छपरावर कौलं बसवत होता. तार वाचून त्यानं खिशात घातली, हातातली रांग पुरी केली आणि मगच खाली उतरला.

फोल्केला एकच मूल, तीरा. माझी विद्यार्थिनी. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की ती बापाच्या सुतारखोलीत बसायची. मोठी होऊन ती बंदरावर लाकडी होड्या बांधू लागली.

ज्या वसंतात डॉक्टरांनी फोल्केला उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली, त्या वसंतात बापलेकीचं वाजलं. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या दफनाच्या वेळी ढाल मोडायची, अशी जुनी रीत आहे. मग स्टॉकहोमला सरदार घराण्यांच्या नोंदवहीत लिहितात, 'तलवारीच्या बाजूनं घराणं संपलं.' मुली चातीच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या बायकांच्या बाजूच्या. त्या मोजत नाहीत. आता ही रीत फारसं कोणी पाळत नाही, पण फोल्केनं मोडणाऱ्याचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मी दालचिनीचे पाव घेऊन गेले, तेव्हा दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली होती.

"बाई, तुम्हीच सांगा यांना," तीरा म्हणाली. "ढाल मोडू नका, मला द्या म्हणतेय."

"नियम आहे," फोल्के म्हणाला.

"म्हणजे मी काय आभाळातून पडले?"

"नाही. दवाखान्यात झालीस. मी बाहेर सहा तास उभा होतो."

"मग सहा तास उभं राहून मिळालेलं पोर मोजायचं नाही?"

फोल्केनं कॉफी ओतली. "तीरा, आजोबा कुलूप लावून पळाले. माझा बाप जन्मभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. आमच्या घरात एक तरी गोष्ट चारचौघांसमोर, नीट बंद झालेली बघू दे मला."

"आणि मी?"

त्यानं पावाचं ताट तिच्याकडे सरकवलं. तिनं एकही घेतला नाही.

चर्चच्या भिंतीवरची घराण्याची तांब्याची ढाल फार वर, तिला हात लावायची सोय नव्हती. म्हणून फोल्केनं मोडण्यासाठी एक लाकडी ढाल करायला घेतली. शाळेच्या माळ्यावर पेढीच्या जुन्या टेबलाच्या ओकच्या फळ्या पडल्या होत्या, त्या घेतल्या. सरस लावल्यावर फळ्या दाबून धरणारा शिकंजा आवळायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, तो मी आवळला. तीन फळ्या आणि प्रत्येक सांध्यात चार खुंट्या.

"अरे, मोडायचीच आहे ना? मग एवढ्या खुंट्या कशाला?" मी विचारलं.

"कच्चा जोड मला येत नाही, बाई. कोणी शिकवलाच नाही."

तो ऑगस्टमध्ये गेला. शवपेटीपुढे ढाल उलटी धरून नेली. मोडण्यासाठी शेजारच्या परगण्यातले एक म्हातारे काउंट आले होते. त्यांनी ढाल दगडावर टेकवली आणि लाकडी हातोडा घातला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा हातोड्याचा दांडाच निसटला आणि काउंटना धाप लागली.

"हे घडवलंय कोणी?" ते म्हणाले.

"ज्याला पुरताय त्यानंच," तीरा म्हणाली.

मागे कोणीतरी हसू दाबलं. पाद्री तिच्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, "तीरा, आता काय करायचं?"

तिनं ढाल उचलली, पालथी केली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. पाव तास वाफ दिली की सरस सुटतो आणि फळ्या वेगळ्या होतात, हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. चर्चच्या स्वयंपाकघरात कॉफीचं पाणी उकळतच होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं ढाल पुन्हा सुलटी केली.

"बाबांनी मोडायला सांगितलं होतं," शेवटी ती म्हणाली. "चारचौघांसमोर तीनदा मारून पाहिलं. त्यांचं झालं." मग ढाल काखेत मारून म्हणाली, "चला, कॉफी घ्या सगळ्यांनी."

ती ढाल आता होड्यांच्या कारखान्यात तिच्या कामाच्या टेबलाच्या वर टांगलेली आहे. मागच्या बाजूला फोल्केच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत. स्टॉकहोमहून एक छापील कागद आला, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही लागली. मयताचं नाव, तारीख, मुलगा नाही. ढाल मोडली का, असा रकाना त्यावर नव्हता. मी दोनदा पाहिलं आणि सही केली.